मदत हवी आहे : उताणं झोपल्यावर ईईजीत अल्फा मोठा का दिसतो?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. १२ जणांचा ईईजी (टाळूवर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विजेची नोंद) घेतला : आधी बसून, मग उभं राहून, शेवटी उताणं, प्रत्येकी ३ मिनिटं, डोळे मिटून. उताणं असताना ओ१-ओ२ वर (डोक्यामागचे डावा-उजवा इलेक्ट्रोड) अल्फा (८ ते १३ हर्ट्झची लहर) मोठा येतो, बसल्यावर २० हर्ट्झच्या वरचं सगळं वाढतं. ‘ताठ बसल्यानं मेंदू जास्त सतर्क होतो’ असं लिहू का?

लहरवाचक:
एवढ्यावरून नको, ताई. मेंदूभोवतीचा द्रव मेंदूपेक्षा साधारण पाचपट चांगला वीजवाहक आहे. उताणं झालं की मेंदू वजनानं किंचित मागं सरकतो, मागचा द्रवाचा थर पातळ होतो आणि तीच लहर टाळूवर मोठी उमटते. मेंदूनं वेगळं काही केलेलं नसतानाही!

२० हर्ट्झच्या वरचा संशय मानेच्या स्नायूंवर घ्या. बसवूनच डोकं भिंतीला नीट टेकवा. पॉवर (त्या लहरींचा जोर) उतरली तर ती मानेचीच होती.

खरा परिणामही असतो. आडवं झाल्यावर मानेतल्या धमनीतले दाबग्राही (रक्तदाब ओळखणारे मज्जातंतू) ताणले जातात आणि जागेपणा थोडा उतरतो. तो वेगळा काढायचा तर प्रत्येक स्थितीत डोळे उघडे आणि मिटलेले, दोन्ही नोंदवा आणि त्या दोन अल्फांचं गुणोत्तर घ्या. द्रवामुळं दोन्ही जवळपास सारख्याच पटीत वाढतात, म्हणून गुणोत्तरात तो परिणाम बराचसा कटतो. स्नायूंचा मात्र कटत नाही.

शिवाय तुमच्याकडं उताणं सगळ्यांचं शेवटी आलंय, म्हणजे पेंगही त्यातच मिसळली. तीन स्थितींचे सहा क्रम होतात, प्रत्येक क्रमाला दोघं बसवा. स्थिती बदलल्यावर ५ मिनिटं थांबा, उभं राहिल्यावर अर्धा लिटरभर रक्त खाली उतरतं.

राजारामपुरीकर:
खूप आभार! पुन्हा घेते. पण उशीवर ओ१-ओ२ दाबले जातात आणि रेघ हेलकावे खाते. काय करू?

पंचगंगाकाठ:
उशी काढा, जुन्या सुती लुगड्याची चुंबळ करा. ५६ सेंमी घेराच्या डोक्यावर ओ१-ओ२ मध्ये साधारण साडेपाच सेंमी अंतर पडतं, तेव्हा मधलं भोक ९ सेंमीचं ठेवा. दोन्ही इलेक्ट्रोड पोकळीत अधांतरी राहिले पाहिजेत. भिंतीला टेकतानाही हीच चुंबळ मागं धरा. आदल्या रात्री केस धुवून यायला सांगा, खोबरेल तेल असेल तर इम्पिडन्स (टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली येतच नाही. आणि पंखा चालू ठेवा, घामानंही रेघ अशीच हळूहळू वाहते.