मदत हवी आहे: साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाहीये (तातडीचं)

चौथा_डबा: आमच्या साहेबांनी मागच्या अधिवेशनात आमच्या स्टेशनच्या पादचारी पुलाचा प्रश्न विचारला होता. मंत्र्यांचं उत्तर हवंय. साइटवर नाव टाकलं, वर्ष टाकलं; बाकीचे ढीगभर प्रश्न येतात, हाच येत नाही. रविवारी प्रवासी संघटनेची बैठक आहे. लवकर सांगा.

खडीसाखर: साहेब म्हणजे आमदार की खासदार?

चौथा_डबा: रेल्वे म्हटल्यावर खासदारच ना! लोकसभा.

अण्णा_डोंबिवली: माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांत काम. मी तसंच केलं होतं.

खडीसाखर: अण्णा, त्यांना रविवारी हवंय, अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. प्रश्न तारांकित होता की अतारांकित?

चौथा_डबा: ते मला काय माहीत. ग्रुपवर व्हिडिओ आलाय. चष्मा चढवून कागद वाचला. मंत्री समोरच, पण हूं की चूं नाही. लगेच पुढच्याचं नाव पुकारलं.

नियमावली: मग तो प्रश्न नव्हेच. तारांकित असता तर मंत्री तिथल्या तिथे उठले असते. अतारांकित सभागृहात विचारतच नाहीत, त्याचं उत्तर लेखी येतं. पडद्यावरच्या पट्टीत काय लिहिलंय?

चौथा_डबा: नियम ३७७.

नियमावली: झालं तर. नियम ३७७ म्हणजे खासदार मुद्दा नुसता वाचून मांडतो, तो प्रश्न नसतो. प्रश्नांच्या यादीत जन्मात सापडणार नाही. साहेबांचा मजकूर त्या तारखेच्या कामकाजात बघा. मंत्र्यांचं उत्तर खासदारांना पत्राने जातं, त्यांच्याकडून प्रत घ्या.

टपरीवरचा: कसले प्रश्न नि कसलं काय, सगळं पीए लिहितात. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून ११ खासदारांना काढलं, विसरलात?

अण्णा_डोंबिवली: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. राजापूरचे खासदार नाथ पै विरोधी बाकावरचे, पण संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत, या सुप्रीम कोर्टाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीसाठी खासगी विधेयक त्यांनीच आणलं होतं.

टपरीवरचा: ते १९७१ मध्ये गेले. आजचा एक दाखवा.

खडीसाखर: वेगळा धागा काढा रे.

चौथा_डबा: पीए फोन उचलत नाही. आणि पत्र आलंच नसेल तर?

नियमावली: कार्यालयात जाऊन बसा, तारीख लिहून न्या. पत्र नसेल तर पुढच्या अधिवेशनात अतारांकित प्रश्न टाकायला सांगा. १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्नांच्या सोडतीत नंबर लागला तर उत्तर साइटवर येतं.

काकू_कोथरूड: इथेच विचारते, नगरसेवकांचे प्रश्न कुठे बघायला मिळतात?