घर बांधताना जिना कसा ठरवलात? आपापले अनुभव लिहा

गोराईतलं आमचं म्हाडाच्या सेक्टरमधलं बैठं घर पाडून त्याच जागी तळमजला अधिक एक असं बांधायचं चाललंय. प्लॉट 40 चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम 430 चौरस फूट. महिनाभर घरात एकाच गोष्टीवर खल सुरू आहे, जिना. दादाला गोल लोखंडी जिना हवाय, कारण जागा वाचते. आर्किटेक्टने डॉगलेग काढलाय, म्हणजे अर्ध्यावर वळून उलट दिशेने वर जाणारा. आई 71 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि देवघर वर हवं हा तिचाच आग्रह. ज्यांनी घर बांधलंय किंवा एखाद्या जिन्यावर वर्षं काढलीत, त्यांनी काय घडलं ते सविस्तर लिहा.

चारकोपहून

आम्ही गोल जिना घेतला होता, साडेचार फूट व्यासाचा. तेव्हा सगळे धडधाकट होतो. दहा वर्षांनी एका पहाटे बाबांना वरच्या खोलीत पक्षाघाताचा झटका आला. रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन आली, त्यांनी जिन्याकडे एकदा वर पाहिलं आणि स्ट्रेचर दाराशीच टेकवलं. बाबांना चादरीत गुंडाळून तिघांनी एकेक पायरी उतरवलं. मधल्या खांबावर त्यांचा कोपर घासत होता आणि मी खालून नुसता हात धरून होतो. बाबा वाचले, पण पुन्हा कधी वर गेले नाहीत. ताई, दादांना हे वाचून दाखवा.

गिरगावातून

माझं बालपण चाळीच्या लाकडी जिन्यावर गेलं. शिडीसारखा उभा, आणि धरायला वरून सोडलेला दोर. मधोमध झिजून प्रत्येक पायरीला खळगा पडला होता, पाय आपोआप तिथेच पडायचा. जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला गोल लोखंडी जिने असत, ते सफाई कामगारांसाठी. डोक्यावर मैला घेऊन माणसं त्यावरून उतरायची. तो जिना सोयीचा म्हणून कोणी बांधला नव्हता, एवढं लक्षात असू द्या.

कांदिवलीहून, साइट सुपरवायझर

पंचवीस वर्षं सेंटरिंगवाल्यांबरोबर जिने ओततोय, म्हणून आकडेच देतो. मजल्यापासून मजल्यापर्यंत 10 फूट 5 इंच धरा, म्हणजे 125 इंच. त्याचे 18 रायझर, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजू, केले तर एक सात इंचाला किंचित कमी. डॉगलेगमध्ये नऊ-नऊ. नऊ रायझरना दहा इंची आठ ट्रेड, म्हणजे पाय ठेवायच्या आडव्या बाजू, लागतात, 80 इंच. त्यात वळणावरचा सपाट चौथरा, म्हणजे लँडिंग, तीन फुटांचं मिळवा, झाली 9 फूट 8 इंच लांबी. रुंदी सव्वासहा फूट. सरळ एका दमाचा जिना केलात तर 17 ट्रेड, 14 फूट 2 इंच. तुमच्या प्लॉटवर तो घरच खाऊन टाकेल.

आईंसाठी 20 रायझर करा. उंची सव्वासहा इंचांवर येते आणि लांबी फक्त दहा इंच वाढते. वळणावर लँडिंगऐवजी त्रिकोणी पायऱ्या काढून जागा वाचवायला सांगतील, ऐकू नका. आतल्या अंगाला टाच टेकत नाही, माणूस उतरताना तिथेच घसरतो.

अजून एक. वेस्ट स्लॅब, म्हणजे पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब, ओतण्याआधी लादीची जाडी ठरवून घ्या. खालच्या-वरच्या दोन्ही मजल्यांवर कोबा आणि लादी मिळून तीन इंच चढतात, पायरीवर कडप्पा बसतो एक इंचाचा. हिशेब चुकला तर पहिली पायरी दोन इंच बुटकी आणि शेवटची तेवढीच उंच होते. अशा जिन्यावर घरची माणसंसुद्धा ठेचकाळतात, कारण पायाला आधीच्या उंचीची सवय झालेली असते.

वेसाव्याहून

आमच्याकडे कोळीवाड्यात गल्लीतूनच वर जायचा बाहेरचा जिना. भाऊ वर, आम्ही खाली. चुली वेगळ्या झाल्या तरी भांडण झालं नाही, त्यात या जिन्याचा मोठा वाटा आहे. रात्री बोटीवरून उशिरा आला तर कोणाची झोपमोड नाही. पण जूनपासून पायऱ्यांवर शेवाळ धरतं. वहिनी सात महिन्यांची गरोदर असताना पडली. बाळ सुखरूप होतं, तरी त्या आठवड्यातच वर पत्रा घातला आणि गुळगुळीत लादी काढून खरबरीत शहाबादी बसवली. खारी हवा लोखंडी कठड्याला टिकू देत नाही, दर दोन वर्षांनी रंग.

मुलुंडहून

टू-वे स्विच वर-खाली दोन्हीकडे, आणि कठडा दोन्ही हातांना. माझ्या सासूबाईंचा डावा हात अधू आहे, उतरताना त्यांना दुसरी बाजू लागते.

गोराईहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दारासमोर खडूने लँडिंग आखलं. विटा आणि फळ्या रचून एक पायरी सात इंचांची केली, एक सव्वासहाची. आई सातवर चढताना हात गुडघ्यावर ठेवत होती, सव्वासहावर नाही. दादाने आमच्या लोखंडी कपाटाच्या मापाचा पुठ्ठा कापून लँडिंगच्या चौकोनात फिरवून पाहिला, मग स्ट्रेचरचं माप घ्यायला स्वतः दवाखान्यात गेला. 20 रायझरचा डॉगलेग ठरलाय. त्यापायी स्वयंपाकघर दहा इंच आखूड होतंय. ओटा किती उरेल, ते आई टेपने मोजून बसली आहे.