तयार सिरॅमिक इनले बसवावा की दाढेचे माप देऊन करून घ्यावा?

शीवकर:
नमस्कार. माझ्या खालच्या डाव्या दाढेत शाळकरी वयापासून चांदी भरलेली आहे. मध्यंतरी चिक्की खाताना त्या चांदीचा एक कोपरा आणि त्यालगतचा दाताचा कपचा उडाला. आता शेजारच्या दाढेकडील बाजूस फट पडली असून मेथीचे तंतू तिथे हमखास अडकतात. गार पाण्याने क्षणभर झिणझिणते, परंतु ठणका नाही. माटुंग्याच्या एका दंतवैद्यांनी मला सिरॅमिकचे लहानमोठ्या मापांचे तयार तुकडे दाखवले; त्यांतील योग्य तो निवडून एकाच बैठकीत दाढ पूर्ववत करता येईल, असे ते म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते माप घेऊन इनले, म्हणजे दाढेच्या खळग्यात चिकटवून बसवायचा तुकडा, लॅबमधून करून आणावा, तर तिसरीकडे थेट रूट कॅनल आणि कॅप असा सल्ला मिळाला. तिन्हींच्या खर्चात बरेच अंतर आहे, पण मला आधी हे समजून घ्यायचे आहे की आधीच घडवलेला तुकडा माझ्याच दाढेतील खळग्यात नेमका बसणार कसा?

पार्ल्यातील दंतवैद्य:
तुमची शंका रास्त आहे. या पद्धतीत तुकड्यांच्या प्रत्येक मापासाठी त्याच आकाराचे बर, म्हणजे दात कोरण्याचे टोक, येते आणि त्याने खळग्याला तुकड्याचा आकार दिला जातो. नंतर दाताच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्ल लावून तो सूक्ष्म प्रमाणात खडबडीत करतात, बाँडिंगचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्याचा, थर देतात, खळग्यात कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे मऊ भरण, घालतात, त्यात तुकडा दाबून बसवतात आणि निळ्या प्रकाशाने सर्व घट्ट करतात. तुकड्याचा वर आलेला भाग घासून चावा जुळवला की काम झाले.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कंपोझिट घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसते. मोठा खळगा निव्वळ कंपोझिटने भरला तर त्या आकसण्याचा ताण कडांवर येतो, कडा सुटतात आणि तिथून पुन्हा कीड शिरते. खळग्याचा बराचसा भाग आधीच घट्ट असलेल्या सिरॅमिकने व्यापला की आकसणारे द्रव्य कमी उरते. कल्पना चांगली आहे. मात्र दाताची कड आणि सिरॅमिक यांच्यामध्ये कंपोझिट राहतेच आणि झीज तिथेच आधी दिसते.

तुमच्या बाबतीत मला अडचण दिसते ती शेजारच्या दाढेकडील फुटलेल्या बाजूची. दोन दाढा एकमेकींना जिथे टेकतात तो स्पर्शबिंदू घट्ट आणि योग्य उंचीवर नसेल, तर नवीन काम कितीही सुबक असले तरी अन्न अडकतच राहील. माथ्यावरच्या बंदिस्त, मध्यम खळग्यासाठी तयार तुकडा मी विचारात घेईन. बाजू गेलेली असताना उरलेली भिंत 2 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर ती भिंत झाकणारा ऑनले अधिक सुरक्षित ठरतो. अर्थात चांदी पूर्ण काढून, आतील कीड साफ करून भिंत मोजल्याशिवाय हा निर्णय कोणीही देऊ नये. निव्वळ एक्स-रे पाहून तर नाहीच.

रूट कॅनलविषयी म्हणाल, तर गारव्याची कळ लगेच ओसरते हे चांगले लक्षण आहे. कळ रेंगाळत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर गोष्ट वेगळी. एक मात्र स्वतः पाहा: घास चावताना नव्हे, तर चावून दात सोडताना तीव्र कळ येते का? येत असेल तर दाढेला तडा असण्याची शक्यता आहे आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लॅबवाला_लालबाग:
मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे माझे मत माप देऊन केलेल्या कामाकडे झुकणार, हे गृहीत धरूनच वाचावे. आमच्याकडे मापावरून साचा तयार होतो आणि शेजारच्या दाताशी स्पर्श किती घट्ट हवा, हे साच्यावर तपासून मगच काम बाहेर पडते. इनले आणि दात यांच्यातील फट 120 मायक्रॉनच्या (0.12 मिलिमीटरच्या) आत असावी, अशी जुनी, सर्वमान्य अपेक्षा आहे. तयार तुकड्याभोवती एवढी बारीक फट राखणे कठीण असते. शिवाय तुकडा बसावा म्हणून कधीकधी निरोगी दातही कोरावा लागतो, म्हणजे तयार सदरा नीट बसावा म्हणून अंगच तासून घेण्यासारखे झाले.

आणखी एक खुलासा. ‘एकाच बैठकीत इनले’ याचा दुसराही अर्थ असतो. तोंडात कॅमेऱ्याने माप घेऊन सिरॅमिकच्या ठोकळ्यातून तिथल्या तिथे इनले कोरून काढणारे यंत्र काही दवाखान्यांत असते. ही पद्धत 1985 मध्ये झुरिकच्या विद्यापीठात प्रथम वापरली गेली. तो इनले तुमच्याच मापाचा असतो, तयार तुकडा नव्हे. डॉक्टरांना नेमके विचारून घ्या.

मुलुंडची_वाचक:
माझ्या वरच्या दाढेत तयार तुकडा बसवलेला आहे. खळगा माथ्यावर होता, बाजू शाबूत होत्या. काम करताना दाताभोवती रबराचा पडदा लावला होता. तोंड उघडे ठेवून जबडा अवघडला, पण आजवर तक्रार नाही. माझ्या यजमानांना झोपेत दात खाण्याची सवय आहे, म्हणून त्याच डॉक्टरांनी त्यांना मात्र हा पर्याय सरळ नाकारला.

शीवकर:
सर्वांचे मनापासून आभार. दात सोडताना कळ येत नाही, हे आज तपासले. खर्च आवाक्याबाहेर गेला तर पुन्हा चांदीच भरून घ्यावी का? आणि सध्या फटीत लवंगेचा वास येणारे पांढरे सिमेंट तात्पुरते भरलेले आहे. ते इनलेपर्यंत तसेच राहिले तर चालेल ना?

पार्ल्यातील दंतवैद्य:
चांदीच्या मिश्रणात साधारण निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर घटवण्याच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली असून युरोपीय संघाने 2025 च्या आरंभापासून, अपवाद वगळता, दातांत चांदी भरणे बंद केले आहे. तुमच्या दाढेत मी ती नव्याने भरणार नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर सीएसएमटीजवळील शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात दाखवा. तिथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. रांग आणि फेऱ्या यांची मात्र तयारी ठेवा.

लवंगेच्या वासाचे सिमेंट आता तिथे आहे, म्हणून घाबरू नका, पण त्याची कल्पना डॉक्टरांना अवश्य द्या. त्यातील युजेनॉल या लवंग तेलातल्या घटकामुळे कंपोझिट नीट घट्ट होत नाही, म्हणून बाँडिंगपूर्वी ते पूर्णपणे खरवडून दात स्वच्छ करावा लागतो. लॅबचा इनले ठरला, तर मधल्या काळासाठी युजेनॉल नसलेले तात्पुरते सिमेंट भरायला सांगा, आणि घरी त्या जागी लवंग तेलाचा बोळा ठेवू नका.