परिषदा म्हणजे जेवणावळी म्हणणाऱ्या दफ्तरदारांना

खडूफळा
दफ्तरदार परवा लिहून गेले, 'प्राध्यापक परिषदांना जातात ते ओळखी वाढवायला आणि बासुंदी ओरपायला. खरा संशोधक एकटा बसून काम करतो. आणि हेच ओळखीवाले पुढे शैक्षणिक स्वातंत्र्य गेलं म्हणून गळे काढतात.' तिथेच उत्तर देणार होतो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

बासुंदीचं मान्य. दोनदा घेतली आहे. पण एकट्याने बसणारा संशोधक ही दंतकथा आहे. १९८४ साली टोरांटोला महाराष्ट्राच्या समाज-संस्कृतीवर परिषद भरली, नरेंद्र वागळ्यांच्या पुढाकाराने. ती पुढे कितीतरी वर्षं गावोगाव, देशोदेशी भरत राहिली. एलिनॉर झेलियट, अ‍ॅन फेल्डहाउस, सोन्थायमर ही महाराष्ट्राचा अभ्यास करणारी परदेशी माणसं, सगळी त्याच गोतावळ्यातली. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे पुण्यात पुस्तकांच्या ढिगात बसून लिहायचे हे खरं, पण त्यांचं विठ्ठलावरचं काम २०११ साली इंग्रजीत गेलं ते फेल्डहाउसबाईंनी भाषांतर केलं म्हणून. चार माणसं एकमेकांना ओळखत नसती तर?

आता स्वातंत्र्य. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने फर्मान काढलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी परवानगी काढा, बोलणाऱ्यांची यादी मंजूर करून घ्या, आणि विषय सीमेचा, सुरक्षेचा किंवा देशाच्या 'अंतर्गत बाबीं'चा नको. जात, शेती, साथीचे रोग, यातली कुठली बाब बाहेरची हो? विज्ञान अकादम्यांनी पत्रं लिहिली, आरडाओरडा झाला आणि फेब्रुवारी सरता सरता ते मागे घेतलं गेलं. घरी बसून मोडी लिपी लावणाऱ्यांनी नव्हतं थांबवलं ते.

दफ्तरदार
शेवटचा टोमणा पोचला. ढेरे हे माझं उदाहरण होतं, तुम्ही पळवलंत. कुठल्या विभागाच्या खुर्चीवर बसून मोठे झाले ते? आणि इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवत होते, त्यांना प्रवासभत्ता कोण देत होतं?

बँकेतून निवृत्त झाल्यावर ११ वर्षं पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईच्या जुन्या कागदांच्या संग्रहात, बसतोय. एका प्राध्यापकांना ४० कागदांचं लिप्यंतर करून दिलं. त्यांनी ते परिषदेत वाचलं. मी शेवटच्या रांगेत होतो, १२०० रुपये नोंदणी शुल्क भरून. पडद्यावर आलं, 'स्थानिक जाणकारांच्या साहाय्याने'. आमच्या आईने माझं नाव 'स्थानिक जाणकार' ठेवलं नव्हतं. चहाच्या वेळी तेच प्राध्यापक कुणा कुलगुरूंच्या मागे कप घेऊन फिरत होते. तेवढ्यावर विषय निघाला म्हणून म्हटलं जेवणावळ.

स्वातंत्र्याचं म्हणाल तर ५ जानेवारी २००४ आठवा. पुण्याची भांडारकर संशोधन संस्था फोडली, पोथ्या जमिनीवर. सरकारने काय केलं, तर जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर बंदी. ती २००७ साली उच्च न्यायालयाने उठवली, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. याचिका कुणाची होती? संघराज रूपवते, आनंद पटवर्धन, कुंदा प्रमिला. पटवर्धन माहितीपट करतात, विभाग चालवत नाहीत. तुमचा गोतावळा त्या वेळी कुठल्या चर्चासत्रात होता?

खडूफळा
राजवाड्यांना एकटं राहायचं होतं तर १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ कशाला काढलं?

दफ्तरदार
आणि पुण्यातलं ते मंडळ सोडून शेवटी धुळ्याला का जाऊन राहिले, तेही सांगा.

तासिकावाला
दोघेही मोठी माणसं, मोठ्या गोष्टी. मी ९ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवतोय. दरवर्षी नवा आदेश, नवी मुलाखत. मुलाखतीला तेच चेहरे आणि तोच प्रश्न, 'विषयात नवीन काय चाललंय?' मानधन दिवाळीला निघालं तर आमच्याकडे पेढे वाटतात.

मागच्या वर्षी फीवाढीवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, म्हणाले, 'अरे, जूनमध्ये तुझीच फाइल माझ्या टेबलावर येणार ना?' पोस्ट काढली. त्यासाठी कुठल्या मंत्रालयाला परिपत्रक काढावं लागलं नाही. नोकरीच नाही त्याला स्वातंत्र्य कसलं, सर?

आणि परिषदांचं मला विचारा. २०१६ च्या नियमाने पीएचडीचा प्रबंध द्यायच्या आधी दोन परिषदांत निबंध वाचणं सक्तीचं होतं. दोन प्रमाणपत्रांसाठी दोनदा एसटीने रात्रीचा प्रवास केला. दुसऱ्या ठिकाणी समांतर सत्रात आम्ही पाच वाचणारे आणि ऐकणारे शून्य. अध्यक्ष म्हणाले, 'प्रत्येकी तीन मिनिटं, मग जेवण.' माझा विषय होता ऊसतोड कामगारांच्या मुलांची गळती. तीन मिनिटांत ती मुलं वर्गातसुद्धा पोचली नाहीत.

निवृत्त_विभागप्रमुख
रडगाणं पुरे. आम्हीही विनाअनुदानितवर चार वर्षं काढली, अर्ध्या पगारावर सही पूर्ण पगाराची. आम्ही कुणाकडे भीक मागितली नाही.

तासिकावाला
अभिनंदन. चार वर्षांनी तुम्हाला सेवेत घेतलं ना? मग आमचा रस्ता कुणी बुजवला? जागा भरा म्हणून तुमच्या एकाही परिषदेने ठराव केल्याचं ऐकलं नाही. करायचा कसा? जागा भरल्या तर तुमच्या स्वागताला गुलाब घेऊन उभं कोण राहणार?

निवृत्त_विभागप्रमुख
भाषा सांभाळून. मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे.

तासिकावाला
वडील माझे कारखान्यावर होते, सर. त्यांनी असा ठराव दोनदा केला होता.

शुभांगी_म
गुलाबावरून आठवलं. गुलाब कायम बाईच देते. मी सहा वर्षं संयोजन समितीत होते, म्हणजे रांगोळी, समई, शाल-श्रीफळ. ओळखी-बिळखी होतात त्या रात्री पाहुण्यांच्या खोलीवर, ग्लास भरल्यावर. तिथे मी जाणार नाही, आणि गेले तर दुसऱ्या दिवशी काय बोलतात तेही ठाऊक आहे. खडूफळा, तुमच्या त्या गोतावळ्यात शिरायचा दरवाजा कुठल्या मजल्यावर असतो?

खडूफळा
शुभांगीताई, हे बरोबर आहे. पण धागा भरकटतोय. मी बोलत होतो सरकारी हस्तक्षेपावर.

तासिकावाला
भरकटला नाही. पहिल्यांदाच जागेवर आलाय.

प्रमाणपत्र_पाहिजे
निबंध छापून देण्याचा भाव कुणीच सांगितला नाही? आमच्याकडे १५०० रुपये, आयएसबीएन नंबरसकट पुस्तक, सहलेखक वाढवला तर ५०० जादा. 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं की पदोन्नतीच्या गुणांत जास्त वजन, म्हणून परदेशी वक्ता हवाच. आमचा परदेशी वक्ता संयोजकांचा दुबईतला मेहुणा होता. नेट गेलं तेव्हा तो 'मराठीची जागतिक स्थिती' इथपर्यंत आला होता.

सातासमुद्रापार
हसलो. पण मेहुण्याला निदान कुणी विमानतळावरून परत पाठवलं नाही. ब्रिटनमधले मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला तीसेक वर्षं केरळवर काम करत आलेले. मार्च २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमला परिषदेसाठी उतरले आणि तिथूनच परत पाठवले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदीच्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओरसिनींना दिल्लीहून. मी ओसीआय कार्डवाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय. मार्च २०२१ च्या अधिसूचनेपासून आम्हाला संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. दर ऑगस्टला आईकडे साताऱ्याला येतो, पण वही घेऊन कुणाच्या पारावर बसत नाही. कुणी बंदी घातलेली नाही. मीच घातली आहे.

निवृत्त_विभागप्रमुख
डॉलरमध्ये पगार घ्यायचा आणि इथल्या स्वातंत्र्याची काळजी करायची. २०१० साली केरळात प्रा. टी. जे. जोसेफ यांचा हात तोडला, प्रश्नपत्रिकेतल्या एका प्रश्नावरून. वर महाविद्यालयाने नोकरीवरूनही काढलं. तेव्हा तुमच्या सह्यांची मोहीम कुठे होती?

सातासमुद्रापार
युरोत, साहेब. आणि जोसेफ यांच्या बाबतीत तुमचं खरं आहे. मी सही केली नाही, कारण कुणी मागितली नाही, आणि मीही कुणाकडे मागितली नाही. लाज वाटते. पण तुम्ही केली होती?

*(निवृत्त_विभागप्रमुख यांचा प्रतिसाद नाही.)*

खडूफळा
दफ्तरदारांच्या २००४ च्या प्रश्नाला उत्तर देतो, टाळलेलं नाही. मी तेव्हा नुकताच लागलो होतो, परिवीक्षेवर. निषेधाच्या पत्रकावर सही मागायला एक ज्येष्ठ सर आले. मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. म्हणून तासिकावाल्यांचं प्राचार्यांच्या चहाचं वाचून गप्प बसलो होतो.

पण एक सांगतो. तो कागद घेऊन दारोदार फिरणारे सर एकटे नव्हते. पाच-सहा जण होते, आणि ते एकमेकांना भेटले होते कुठल्याशा चर्चासत्रात. मी नाही म्हटलं तरी त्यांचा कागद पुढच्या दारी गेला.

दफ्तरदार
हे आधीच लिहिलं असतंत तर माझा एक प्रतिसाद वाचला असता. बरं, चर्चासत्रं असावीत. वर्षातून एक. बासुंदीशिवाय. आणि माझ्या ४० कागदांवर माझं नाव.

खडूफळा
डिसेंबरमध्ये आमच्याकडे आहे. या. ऐकायला नाही, बोलायला. नोंदणी शुल्क नाही, पत्रिकेत पूर्ण नाव. 'स्थानिक जाणकार' लिहिलं तर पत्रिका मी स्वतः फाडतो.

दफ्तरदार
प्रवासभत्ता मिळेल का?

तासिकावाला
आधी माझं गेल्या वर्षीचं मानधन निघू दे, काका.