मदत हवी आहे: पेज अलोकेटर सुरू केला की यूआर्टचा पॉइंटर कचरा होतो, लिंकर स्क्रिप्टमध्ये घोळ आहे का?

मंडळी, रिस्क-फाइव्ह ६४ बिट प्रोसेसरवर एक छोटंसं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितेय, शिकण्यापुरतंच, पण आता एकाच जागी अडकलेय आणि डोकं चालेनासं झालंय. लिंकर स्क्रिप्ट (प्रोग्रामचा कुठला भाग मेमरीत कुठे ठेवायचा ते लिंकरला सांगणारी फाइल) नीट कळणारं कुणी असेल तर प्लीज बघा.

सेटअप असा आहे. क्यूईएमयू एम्युलेटरचं व्हर्ट मशीन, १२८ एमबी रॅम, कंपायलर जीसीसी. रॅम हेक्स ८००००००० पासून सुरू होते, सुरुवातीचा भाग ओपनएसबीआय हे फर्मवेअर घेतं आणि ८०२००००० ला एस मोडमध्ये (सुपरवायझर, म्हणजे कर्नलसाठीचा मोड) आपल्या ताब्यात देतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये लोकेशन काउंटर (तो नुसता टिंब) आधी तिथे नेलाय. मग .टेक्स्ट (कोड), त्यात एंट्रीचा असेम्ब्ली तुकडा सगळ्यात वर यावा म्हणून त्याला वेगळं सेक्शन, मग .रोडेटा (फक्त वाचायचा डेटा), .डेटा (सुरुवातीची किंमत दिलेले ग्लोबल), .बीएसएस (किंमत न दिलेले, शून्यापासून सुरू होणारे), प्रत्येक सेक्शन ४०९६ बाइटला (एका पानाला) अलाइन. .बीएसएसच्या कंसात शेवटी पुन्हा अलाइन ४०९६, कंस बंद, त्याखाली _कर्नल_एंड = टिंब, संपली स्क्रिप्ट. कोड मॉडेल (कोडने पत्ते कसे काढायचे ती कंपायलरची सेटिंग) मेडएनी आहे, मेडलो ठेवलं तर "रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट" म्हणून लिंकर बोंबलतो.

पेज अलोकेटर (मेमरीची मोकळी पानं वाटणारा भाग) एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे तसाच, _कर्नल_एंड पासून ८८०००००० पर्यंतची सगळी पानं एकेक करून फ्री लिस्टला (मोकळ्या पानांच्या यादीला) लावायची आणि फ्री करताना पान ०१ ने भरून टाकायचं.

आता प्रॉब्लेम. यूआर्टचा (ज्यातून प्रिंट बाहेर पडतं त्या सिरियल पोर्टचा) बेस पत्ता (१०००००००) एका ग्लोबल पॉइंटरमध्ये आहे, तो बूट होताना सेट होतो. अलोकेटर सुरू होईपर्यंत सगळं प्रिंट मस्त येतं, त्यानंतरची पहिलीच ओळ येत नाही, मशीन गप्प. जीडीबी डीबगर लावून पाहिलं तर एसकॉज (ट्रॅपचं कारण) ५ म्हणजे लोड ॲक्सेस फॉल्ट, आणि एसटीव्हॅलमध्ये (ज्या पत्त्यावर फॉल्ट आला तो) ०१०१०१०१०१०१०१ असं काहीतरी लांबलचक. ट्रॅप हँडलर (असा फॉल्ट आला की चालणारा कोड) सुद्धा प्रिंटच करतो त्यामुळे तोही तिथेच आपटतो आणि गोल गोल फिरत बसतो.

सगळ्यात विचित्र म्हणजे तोच पॉइंटर एका स्ट्रक्टमध्ये घातला, सोबत बॉड रेट वगैरे दोन फील्ड, की सगळं चालायला लागतं! हे का होतंय तेच कळत नाहीये, आणि कारण न कळता चालणारा कोड मला नकोय.

प्रतिसाद:
स्टॅक कुठे ठेवलाय ताई? मला तर स्टॅक ओव्हरफ्लो वाटतोय, तो खाली वाढत जाऊन ग्लोबल्सवर चढत असेल. साइज दुप्पट करून बघा.

धागाकर्ती:
स्टॅक .बीएसएसमध्येच १६ केबीचा ॲरे आहे. दुप्पट केला, चौपट केला, काही फरक नाही. आणि एसटीव्हॅलमधले ते ०१ बघता स्टॅकचा संबंध वाटत नाही, ते अलोकेटरनेच भरलेले आहेत.

प्रतिसाद:
बरोबर पकडलंत. अलोकेटर ज्या पानाला मोकळं समजतोय त्याच पानात तुमचा पॉइंटर बसलाय. आणि स्ट्रक्टमध्ये घातला की चालतं, हीच तर गोम आहे. रिस्क-फाइव्हच्या जीसीसीत स्मॉल डेटा लिमिट नावाची सेटिंग असते, डीफॉल्ट ८ बाइट. ८ बाइट किंवा त्याहून लहान ग्लोबल असेल तर तो .बीएसएसमध्ये जातच नाही, .एसबीएसएसमध्ये जातो, सुरुवातीची किंमत दिली असेल तर .एसडेटामध्ये. ६४ बिट पॉइंटर बरोब्बर ८ बाइट. स्ट्रक्ट त्याहून मोठं म्हणून निमूटपणे .बीएसएसमध्ये गेलं आणि वाचलं.

आता तुमच्या स्क्रिप्टमध्ये .एसबीएसएसचं नावच नाहीये ना? एनएम या टूलला -एन लावून सिंबॉल (ग्लोबल, फंक्शन वगैरेंची नावं) पत्त्याच्या क्रमाने काढा आणि शेवटच्या ओळी इथे टाका.

धागाकर्ती:
काढले. _बीएसएस_एंड ८०२०९०००, _कर्नल_एंड पण ८०२०९०००, आणि त्याच्यापुढे यूआर्टचा पॉइंटर, टिक्सचा काउंटर, फ्री लिस्टचं हेड, सगळे ८०२०९००० च्या पुढेच! म्हणजे फ्री लिस्टचं हेड स्वतःच फ्री लिस्टमधल्या पहिल्या पानात बसलंय. पण _कर्नल_एंड तर मी सगळ्यात शेवटी लिहिलाय, त्याच्याही पुढे लिंकर काही कसं काय टाकू शकतो?

प्रतिसाद:
टाकू शकतो. स्क्रिप्टमध्ये नाव नसलेल्या सेक्शनला ऑर्फन म्हणतात, आणि लिंकर ते फेकून देत नाही, एरर पण देत नाही, साधारण त्याच जातीच्या सेक्शनच्या मागे नेऊन बसवतो. एखाद्या सेक्शनच्या कंसाखाली सिंबॉलच्या असाइनमेंट असतील तर त्या आधीच्याच सेक्शनच्या आहेत असं तो धरून चालतो आणि ऑर्फन त्यांच्या खाली जातो. अपवाद एकच, खुद्द टिंबाला केलेली असाइनमेंट, ती तो पुढच्या सेक्शनची समजतो. हे जीएनयू एलडी या लिंकरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, फक्त तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

तुम्ही अलाइन कंसाच्या आत लिहिलंय, त्यामुळे बाहेर उरलं ते फक्त _कर्नल_एंड, आणि .एसबीएसएस त्याच्या खाली गेलं. तेच अलाइन बाहेर, _कर्नल_एंडच्या आधी असतं तर हे कदाचित झालंच नसतं आणि तुम्हाला वर्षभर पत्ता लागला नसता.

उपाय सरळ आहे. .बीएसएसच्या कंसात आधी .एसबीएसएस आणि .एसबीएसएस.स्टार, मग .बीएसएसवाले, मग कॉमन (कुठल्याच सेक्शनात न टाकलेले, किंमत नसलेले ग्लोबल). तसंच .डेटात .एसडेटा, .रोडेटात .एसरोडेटा. एक्सव्ही६ ची कर्नल.एलडी (त्यांची लिंकर स्क्रिप्ट) उघडून बघा, ही तिन्ही नावं तिथे आहेत. अलोकेटर घेतला तसा तोही भाग घ्या.

प्रतिसाद:
एवढं कशाला, स्मॉल डेटा लिमिट शून्य करा, एका फ्लॅगचं काम.

प्रतिसाद:
चालेल, पण ते झाकणं झालं. उद्या लिबजीसीसी (जीसीसीची स्वतःची लायब्ररी) किंवा दुसऱ्या कुणाचं आधीच कंपाइल केलेलं लिंक केलंत तर त्यात .एसडेटा असूच शकतो, तुमचा फ्लॅग तिथे पोचत नाही. फ्लॅगच लावायचा तर लिंकरला लावा, ऑर्फन-हँडलिंग = एरर. मग स्क्रिप्टमध्ये नाव नसलेलं काहीही आलं की बिल्डच अडेल. पहिल्यांदा लावाल तेव्हा .कॉमेंट, डीबगची सेक्शनं, .रिस्कव्ही.ॲट्रिब्यूट्स अशी भली मोठी यादी येईल, घाबरू नका, त्यांची नावं एकदा स्क्रिप्टमध्ये घाला किंवा नको ती डिस्कार्डमध्ये टाका. लिनक्सच्या बिल्डमध्येही हा फ्लॅग वापरतात, तिथे सहसा वॉर्न असतं.

अजून एक. तुमचं बूटचं असेम्ब्ली _बीएसएस_स्टार्ट ते _बीएसएस_एंड शून्य करत असेल, तर आत्तापर्यंत .एसबीएसएस कधीच शून्य होत नव्हतं. क्यूईएमयूमध्ये रॅम शून्यच मिळते म्हणून खपलं. खऱ्या बोर्डवर पहिल्या बूटलाच टिक्सचा काउंटर भलत्याच आकड्यापासून सुरू झाला असता.

धागाकर्ती:
चाललं!! _कर्नल_एंडच्या पुढे आता एकही सिंबॉल नाही. ऑर्फनवाला फ्लॅगही लावला, खरंच सतरा नावं ओकला. दोघांचेही आभार.

जाता जाता एक शंका. .एसडेटा वेगळा ठेवतात तो जीपी (ग्लोबल पॉइंटर) रजिस्टरसाठी ना? मग मला जीपी सेट करावा लागेल का?

प्रतिसाद:
नाही लागणार. जीपीच्या आजूबाजूला २ केबी मागे-पुढे एका इन्स्ट्रक्शनमध्ये पोचता येतं म्हणून ती सोय आहे, पण लिंकर ती तेव्हाच वापरतो जेव्हा स्क्रिप्टमध्ये ग्लोबल पॉइंटरचा सिंबॉल दिलेला असतो. तुम्ही तो दिलेला नाही, तर विषयच नाही. दिलात तर एंट्रीला पहिलं काम जीपी भरायचं, आणि तेही नोरिलॅक्स (लिंकरला शॉर्टकट मारू न देणारी सूचना) लावून, नाहीतर लिंकर त्या ओळीलाच शॉर्टकट मारून जीपीमध्ये जीपीच टाकतो. शिवाय यूझर मोडमधून ट्रॅप आला की जीपी यूझर प्रोग्रामचा असतो, तो दर वेळी बदलायचा. एवढ्याशा कर्नलला ही कटकट नकोच.