मोन्ते कासिनोची पोलिश युद्ध-दफनभूमी: मे महिन्यात जायचंय, माहिती हवी

कोरेगावची लेक:
नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघं रोमला जाणार आहोत. माझे पणजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. ते सुखरूप परत आले, पण लढाईविषयी घरात कुणाशी बोलले नाहीत. आजीच्या लक्षात 'कासिनो' एवढाच शब्द राहिलाय. नकाशावर शोधलं तर तिथल्या डोंगरावर पोलंडच्या सैनिकांची मोठी दफनभूमी दिसते. पोलंडची माणसं इटलीत कशी पोचली? एवढ्या वर्षांनी ती जागा कोण सांभाळतं? आणि आपल्या माणसांची काही खूण आहे का तिथे? हाताशी एकच दिवस आहे.

हरिपूरकर:
ताई, नक्की जा. मी २०१९ च्या ऑक्टोबरात जाऊन आलो. सांगलीहून एवढ्या लांब मुद्दाम त्या डोंगरावर का गेलो, ते आधी सांगतो.

माझी आजी रुकडीची. तिचे वडील कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीत दूध घालायचे. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेकाठी त्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश लोक राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. आठ-नऊ वर्षांची आजी चरवी घेऊन वडिलांच्या मागे जायची. एका बराकीतल्या बाईला ती 'पोलंडची मावशी' म्हणायची. मावशीने तिला लोकरीचे हातमोजे विणून दिले होते. आपल्याकडे हातमोजे कशाला लागतात, पण आजीने ते लग्नानंतरही ट्रंकेत जपून ठेवले होते. १९४४ साली, मृगाचा पाऊस नुकताच लागला होता तेव्हा, मावशी पातेलं घेऊन दारात आली आणि नुसती उभी राहिली. पणजोबा दूध ओतत होते, पातेलं भरून खाली सांडायला लागलं तरी तिने हात हलवला नाही. तिचा नवरा इटलीत पडला होता.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातून लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, मग या लोकांना सोडलं आणि जनरल आंदेर्स यांनी त्यांच्यातून फौज उभी केली. १९४२ मध्ये ती फौज आणि हजारो बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. तिथे वाटा फुटल्या. गडी माणसं इराक, पॅलेस्टाइन करत इटलीला गेली. घरच्यांपैकी काहींच्या नशिबी वळिवडे आलं. त्यामुळे त्या डोंगरावर पुरलेल्यांतल्या काहींची घरची माणसं तेव्हा आपल्या पंचगंगेचं पाणी पीत होती. मला तिथे परकं वाटलं नाही ते यामुळेच.

इथली जर्मनांशी लढाई जानेवारी ते मे १९४४ अशी चार टप्प्यांत चालली. डोंगरावरचा मठ बॉम्बहल्ल्यात पार जमीनदोस्त झाला होता. १८ मेला त्याच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण चढलं. दफनभूमी १ सप्टेंबर १९४५ ला खुली झाली. बरोबर सहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला पोलंडवर हल्ला झाला होता. मठाच्या समोरच्या उतारावर शेताच्या ताली असाव्यात तशा पायऱ्या आहेत आणि त्यांवर हजारावर थडगी. कॅथलिकांचे क्रूस, ऑर्थोडॉक्सांचे वेगळे, ज्यूंच्या दगडावर डेव्हिडचा तारा. जनरल आंदेर्स १९७० मध्ये लंडनला वारले, तेही इथेच आपल्या शिपायांत आहेत. युद्धानंतर पोलंडच्या नव्या सरकारने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. मावशीसारख्यांची गावंही सीमा सरकवून रशियाकडे गेली, परतायचं कुठे? दगडावर कोरलंय की आम्ही आमच्या आणि तुमच्या स्वातंत्र्यासाठी आत्मा देवाला, देह इटलीच्या मातीला आणि काळीज पोलंडला दिलं. तिथे मला रडू आवरलं नाही.

देखभालीची जबाबदारी पोलंड सरकार घेतं. मी गेलो त्या दिवशी एक म्हातारा कामगार गुडघ्याखाली पोतं घेऊन एका थडग्यापाशी बसला होता. बादलीत साधं पाणी, हातात मऊ ब्रश. अक्षरांच्या खाचेत बसलेलं शेवाळ तो लाकडी काडीने एकेक अक्षर करत काढत होता. अर्धा तास बघत होतो, त्याची दोन नावंसुद्धा पुरी झाली नाहीत.

आमच्या पाहुण्यांच्या गावात पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची संगमरवरी पाटी आहे. दोन वर्षांपूर्वी एका उत्सवाआधी कुणीतरी तिच्यावर ऑइलपेंट फासला. 'या गावातून' एवढं वाचता येतं, किती माणसं गेली तो आकडाच बुजलाय. मला याचा फार त्रास होतो. उपाय कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

माजी सुभेदार, अपशिंगे:
हरिपूरकर, त्या पाटीला पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा ॲसिड कुणालाही लावू देऊ नका. संगमरवराला ॲसिड खातं, रंगाबरोबर अक्षरंही जातील. जुन्या दगडाचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा, एका कोपऱ्यात करून बघू दे, मग पुढे. आधी जेवढं वाचता येतंय त्याचे तिरप्या उन्हात फोटो काढून ठेवा, सकाळी खाचा उठून दिसतात.

कोरेगावच्या ताईंसाठी. आपली माणसं डोंगरावर नाहीत, खाली सपाटीला आहेत. कासिनो गावालगत कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतल्या मृतांच्या कबरी सांभाळणारी संस्था) दफनभूमी आहे, तिथे ४,२७१ जण आहेत. ज्यांचं थडगं सापडलं नाही अशा चार हजारांवर लोकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत आपलेही आहेत. हिंदू जवानांना अग्नी दिला जायचा, म्हणून इटलीत वेगळी दहन-स्मारकं आहेत. एक आड्रियाटिक किनाऱ्याकडे सांग्रो नदीजवळ आहे, पण ते एका दिवसात जमायचं नाही. कमिशनच्या संकेतस्थळावर नाव किंवा पलटण टाकून शोधता येतं. पणजोबा परत आले, म्हणजे त्यांचं नाव नसणार. त्यांच्या पलटणीची नावं काढून न्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ११ मे १९४४ च्या रात्री तोफा सुरू झाल्या, तेव्हा वर पोलिश चढाईला निघाले आणि खाली आपली ८ वी इंडियन डिव्हिजन गारी नदी ओलांडायला लागली. नदीला ओढ जबरदस्त, समोरून मशीनगन. पहिली मराठा पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. पणजोबांची पलटण कुठली, ते त्यांच्या डिस्चार्ज बुकात सापडेल.

हरिपूरकर:
सुभेदारसाहेब, मनापासून आभार. रविवारी जाऊन फोटो काढतो.
ताई, रोमहून कासिनोची रेल्वे आहे, साधारण दोन तास. सकाळी लवकर निघा. आधी खालची दफनभूमी करा, मग वर. डोंगराचा रस्ता नऊएक किलोमीटर वळणावळणाचा आहे, पायी जाऊ नका.

कोरेगावची लेक:
आत्ताच आजीला फोन केला. डिस्चार्ज बुक माळ्यावरच्या पेटीत आहे म्हणाली, काका उद्या उतरवणार आहेत. सुभेदारकाकांनी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं, तर नदीच्या नावाशी तिने मला थांबवलं. पणजोबा झोपेत 'गारी, गारी' म्हणत दचकून उठायचे. घरच्यांना वाटायचं गाडी म्हणतायत, स्टेशनवरची गाडी. आजीची आई त्यांना दर वेळी सांगायची, 'गाडी गेली हो, झोपा आता.'

आम्ही ११ तारखेलाच जातोय.