विषय: शेजाऱ्याला रानडुकरं मारायची परवानगी लिहून देऊ का?

प्रेषक: स्मि., एडिसन

मंडळी, नमस्कार.

आमचं कुळागर (सुपारी-केळीची बाग) गोव्यात सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या अलीकडे. बाबा गेल्यापासून घर बंदच. शेजारचा भाऊ पाणी सोडतो, सुपारी उतरवून घेतो. यंदा रानडुकरांनी केळी मुळासकट उलथून टाकली आणि तिथून गडगा (दगडी बांध) ओलांडून ती त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, शिरतात. तो म्हणतो, "तुमच्या बाजूने फासक्या (तारेचे फास) लावतो, हरकत नाही एवढं लिहून पाठव."

इथे न्यू जर्सीत दुसऱ्याच्या घरापासून ४५० फुटांच्या आत बंदुकीने शिकार करायची तर घरमालकाची लेखी परवानगी खिशात लागते. गोव्यात हे अंतर किती? मी मजकूर लिहून ठेवलाय, कुणी नजर टाकेल का?

प्रेषक: दादा, पेनसिल्व्हेनिया

आमच्याकडे राहत्या घराभोवती १५० यार्ड, धनुष्यबाण असेल तर ५०. शिवाय २०२० पासून हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे मारले की आत यायला बंदी, पाटी लावायची गरज नाही. गोव्याचं वाळपईचे काकाच सांगतील.



प्रेषक: काका, वाळपई

स्मि., ते पत्र पाठवू नकोस.

तुम्ही दोघं फूट आणि यार्ड मोजताय, कारण तिकडे शिकार मुळात चालते. ती कुठे, केव्हा, किती जवळ एवढंच कायदा ठरवतो. इथे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या (कायद्यात दिलेल्या यादीतल्या) जनावराची शिकारच बंद आहे. अभयारण्यात नाही, शेजाऱ्याच्या भाटात नाही आणि एक-चवदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) तुझं नाव असलेल्या तुझ्या स्वतःच्या कुळागरातही नाही. जी परवानगी तुझ्याकडे नाहीच, ती तू त्याला कशी देणार? रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, १ एप्रिल २०२३ पासून दुसरीत आहे.

आणि शिकार म्हणजे फक्त गोळी नव्हे. फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाकून काढणं, यातल्या कशाचा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. फासकी रिकामी सापडली तरी सुटका नाही. चिथावणी देणारा किंवा मदत करणारा कलम ५२ खाली करणाऱ्याइतकाच दोषी. तुझी ईमेल म्हणजे तुझ्याविरुद्धचा आयता पुरावा.

डुकरासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटा अडकतो, हे आमच्या भागात नवीन नाही. तो पहिल्या अनुसूचीतला, गवासुद्धा त्यातच. मग कैद किमान ३ वर्षं, कमाल ७, दंड किमान २५,०००. जानेवारी २०२० मध्ये आपल्याच सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ मेले ते विषाने. गुरं मारली म्हणून कुणाचं तरी डोकं फिरलं, आणि मग अख्ख्या गावाच्या दारात पोलीस आणि वन खातं.

तुझ्या शेजाऱ्याचा राग खोटा नाही. रात्रभर कुळागर राखून सकाळी उलथलेली केळी बघितली की कलमं आठवत नाहीत. कायद्यातही वाट आहे: जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालंय असं पटलं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कलम ११ खाली कारणांसह लेखी आदेश देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांपुरता हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत आणला. बिहार, उत्तराखंडात केंद्राने ठरावीक मुदतीसाठी रानडुक्कर उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळं, जाहीर केलं होतं. आमच्याकडे २०१६ साली मोराला उपद्रवी ठरवायची टूम निघाली, तिच्यावरच सगळा गदारोळ झाला आणि डुक्कर राहिलं बाजूला. जिवावर बेतल्यावर स्वसंरक्षणात जनावर मारलं तर गुन्हा नाही, पण मेलेलं जनावर सरकारचं. मटणाचा वाटा विसरा.

तू त्याला कागद दे, पण वेगळा. "माझ्या वतीने वन खात्याच्या रेंज कचेरीत आणि विभागीय कृषी कार्यालयात अर्ज कर," असं अधिकारपत्र. सोबत एक-चवदाची प्रत आणि नुकसानीचे फोटो. सौर कुंपणाला अनुदान मिळतं. दोघांनी मिळून गडग्यावरून एकच ओढलंत तर खर्चही वाटला जाईल. घरच्या विजेची तार मात्र कुणालाही जोडू देऊ नकोस, तिने माणसंही मरतात. आणि आमच्या जागेत फास, विष, तार लावू नये, हे त्याच कागदावर स्पष्ट लिही.

प्रेषक: स्मि., एडिसन

काका, पत्र पुसून टाकलं. त्याला फोन केला, आधी फुरंगटला, मग कुंपणाचं ऐकून घेतलं. एक राहिलं. माळ्यावर बाबांची ठासणीची बंदूक आहे. नुसता बार काढून घाबरवायला ती त्याला दिली तर?

प्रेषक: काका, वाळपई

अजिबात नाही. परवाना बाबांच्या नावाचा होता, घराच्या नव्हे. पीकसंरक्षणाचा असला तरी तेच. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. ती पोलीस ठाण्यात जमा व्हायला हवी, वारस म्हणून अर्ज तुझा. माळ्याची किल्ली कुणाकडे आहे ते आज कळव.